गेटवर गायब होणारा नायक

नंदाच्या पत्राला सुखदेवने सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मात्र रोज त्याच्या पिशवीतून हिंडायचं. घड्यांवर विरायलाही लागलं होतं…

भेट झाली होती पुस्तक प्रदर्शनात. तिच्या गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र, आणि त्याचं कॉमिक ती उभ्यानेच वाचत होती.

"अहो, विकत घेऊन वाचतात ते," तो कसाबसा म्हणाला.

"चांगलं निघालं तर घेईन की! कोणी काढलंय?"

"मी…"

तिने वर पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"वर नुसतंच 'सुखदेव'?"

"पुरे की तेवढं."

ती हसली. पुढचं आडनाव न विचारणारी पुण्यातली पहिलीच!

आठवड्याने कॉमिकवर छापलेल्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. 'सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. तुमच्या नायकात एक चूक आहे. गोष्टीत आडनाव विचारून गेटवर माणसं अडवतात – आणि हा दर वेळी अदृश्य होतो! माणसं तिथेच राहतात, मग हाच का पळतो? दुरुस्त करा आणि चहाला या. वाट बघते.'

काय लिहिणार? नायक पळत होता, कारण सुखदेव पळत होता.

आज सकाळी तो शनिवार पेठेत भाड्याची खोली बघायला गेला. मालकीण मंदाकिनीबाईंनी खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, मग विचारलं, "आडनाव?"

"रणपिसे."

जात ताडून त्यांचा चेहरा मिटला. "खोली कालच गेली हो."

एरवी तो मुकाट जिना उतरला असता. पाय वळलेही… पण थांबला.

"खाली पाटी आहे अजून."

"काढायची राहिली."

"मग आत्ता काढा. मी थांबतो."

दार धाडकन लागलं. तो पाटीखाली जाऊन उभा राहिला. तासाभराने बाई खाली आल्या आणि त्याच्याकडे न बघता पाटी उतरवून घेऊन गेल्या.

खोली मिळाली नाहीच. खडकीला घरी येऊन त्याने शेवटचं पान नव्याने काढलं – गेटवर, रांगेच्या सगळ्यांत पुढे, मुखवटा काढून नाव सांगणारा नायक.

मग कागद घेतला. 'नंदा, चूक मान्य. दुरुस्ती सोबत आहे. इतक्या दिवसांत चहा गार झाला असेल, पण रविवारी येतो. तुम्ही मला आवडता… हे प्रदर्शनात भेटलो त्याच दिवशी सांगायचं होतं.'

खाली ठसठशीत सही केली – सुखदेव हिरामण रणपिसे.

ऊन डोक्यावर होतं. खडकी स्टेशनाजवळच्या टपालपेटीत त्याने पाकीट टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकूनच तो वळला.