उष्टा आवाज

“उपाशी नीज, रत्ना. पण उष्टं तोंडात घेऊ नको रे...”

हा माझ्या आनंदीमावशीचा आवाज. तांदूळ पाखडता पाखडता ती तेच ओवीत घालायची :

उष्ट्या पंगतीची, बाळा, नको धरू आस
आपुल्या कण्यांच्या पेजेला केवड्याचा वास

मागल्या पिढ्यांनी दुसऱ्याच्या दारात उभं राहून उष्टं घेतलं होतं. तिच्या आईबापांनी ते कायमचं टाकलं. म्हणून त्या नुसत्या शब्दाचीही मावशीला किळस.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या मुलाचं, बुद्धरत्नाचं, जे झालं ते सांगतो. आमच्यात भूतखेत मानत नाहीत. मीही मानत नाही. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. रत्नानंच मला लिहून कळवला. फोन तो कुणालाच करत नाही.

करूही नये, असं मलाही वाटतं.

गेल्या वर्षीचा मे महिना. दासगाव. भर दुपार.

रत्ना पुण्यात कंत्राटावर सॉफ्टवेअरची कामं करायचा. मुरलेला गडी. पण एक कंत्राट संपलं ते संपलंच... दुसरं मिळेना. बायको उज्वला आणि छोट्या सेजलला घेऊन तो गावच्या घरी आला. तिथं त्यानं मेनफ्रेम शिकायला घेतलं. मेनफ्रेम म्हणजे बँकांकडचे जुने, अजस्र संगणक. लोकांचे पगार, पेन्शनी आजही त्यांच्याच पोटातून जातात आणि ते सांभाळणारे म्हातारे होत चाललेत. काम भरपूर. पण जो तो विचारी, “मेनफ्रेमचा अनुभव किती?”

आत शिरूच देईनात.

काम मिळवून देणाऱ्या एजन्सीची सारिका फोनवर हसली. “दादा, किती साधे हो तुम्ही! प्रॉक्सी लावू ना. पोलादपूरचे गोमाजीकाका आहेत, अख्खी हयात मेनफ्रेमवर गेली. मुलाखतीत ते बोलतील. तुम्ही कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायचे.”

रत्नाला आईची ओवी आठवली. दुसऱ्यानं चघळलेले शब्द आपल्या तोंडात...

पण बिछान्यात पडून उज्वलाचं शिलाई मशीन ऐकणं त्याहून जड झालं होतं. त्या मशीनवरच घर चाललं होतं.

तो हो म्हणाला.

ठरल्या दुपारी त्यानं फोन लॅपटॉपच्या मागे ठेवला. तो वाजला. अनोळखी नंबर.

“ओठ हलव. बाकी माझ्यावर सोड.”

जाड, ओला आवाज. शब्दागणिक एक चिकट ‘पच्’... जणू बोलणाऱ्याच्या गालात काहीतरी भरलंय.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावरची बाई विचारत गेली, आवाज उत्तरं देत गेला. रत्ना ओठ हलवत राहिला.

आणि खोलीत वास सुटला...

शिळ्या तंबाखूचा. त्याच्याखाली आणखी एक. चिघळलेल्या जखमेचा.

तेवढ्यात फोन विझला. चार्जिंग संपलं होतं.

रत्ना गोठला.

आवाज मात्र थांबला नाही...

उत्तर चालूच होतं. समोरची बाई खुशीत मान डोलवत होती. आणि रत्नाच्या जिभेवर काहीतरी कोमट, लिबलिबीत सरकलं.

मुलाखत संपताच तो मोरीकडे धावला. तोंडात बोट घातलं. बाहेर आला तो तंबाखूचा चोथा. काळा. चघळून चघळून लगदा झालेला. लाळेची तार लोंबत होती.

अजून गरम होता.

रत्नानं उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

तो ओकला. पुन्हा ओकला. मिठानं जीभ घासली, रक्त येईस्तोवर. चव गेली नाही.

संध्याकाळी सारिकाचा फोन आला. “दादा, निवड झाली तुमची! पण जमवलंत कसं? काकांचा नंबर तर बंदच आहे. दुसरं कोणी मिळालं नाही, तेच सांगायला दुपारी फोन करत होते, तुमचाही लागेना.”

“म्हणजे? मग मला फोन कुणी केला?” रत्नानं विचारलं.

सारिका चाचरली.

“...दादाच बोलतायत ना?”

त्यानंतर सेजल त्याच्याजवळ येईना. त्यानं हाक मारली की कान झाकून आईच्या मागं लपे. तोंडाचा वास येत असेल, असं त्याला वाटे. तो पुन्हा चूळ भरायला जाई. उज्वला खाली मान घालून शिवत राही.

काम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी त्यानं पोलादपूर गाठलं. विचारत विचारत गोमाजीकाकांच्या वाडीत पोहोचला. घराचं दार उघडं होतं.

“घरात कोण हाय का?” रत्नानं हाक दिली.

आत भांडं पडलं. काकांची बायको, चंपाबाई, ओल्या हातांनी धावत आली. हसत होती, रडत होती.

“अवो, बोललाव! अवो, तुमी बोललाव!”

ती रत्नाकडे बघतही नव्हती. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला गदागदा हलवत होती. त्याचा अर्धा जबडा नव्हता. गळ्यात नळी.

“काकी, मी बोललो,” रत्ना म्हणाला.

तिचे हात थांबले. ती हळूच वळली... आणि भिंतीला जाऊन टेकली.

“तंबाखूनं खाल्लं त्यांना. दिवाळीला जीभ काढली डाक्टरांनी,” ती कुजबुजली. “तू कोण हायस रे?”

म्हातारा रत्नाकडे एकटक बघत होता. डोळे वाहत होते. मग त्यानं उरलेलं तोंड उघडलं. काहीतरी परत मागावं, तसं...

आत काळोख होता. तोच वास आला.

रत्ना पळाला.

घरी आला तो घामानं निथळत. “उज्वला, ही नोकरी नको आपल्याला. ती म्हातारी येडी झालीय गं. माझा आवाज तिला नवऱ्याचा वाटला. माझा! मला तर माझाच ऐकू येतो.”

मशीन थांबलं.

उज्वलानं सुईतला दोरा तोडला.

“नोकरी लागतेय, घर चालंल, म्हणून गप्प होते मी,” ती म्हणाली. “अहो... त्या दुपारपासून तुमचा आवाज या घरात आलाच नाय.”