सव्वासहाची नावं

लोक रेडिओला शिव्या घालतात, पण दहातल्या आठ वेळा दोष घराचा असतो. वर टिनाचं छप्पर, शेजारी पावरलूमची मोटर, आणि एरियल म्हणून खिडकीच्या गजाला गुंडाळलेली हातभर तार. मग स्टेशन लागणार कुठून? नागपूरच्या लकडगंजात आरागिरण्यांच्या रांगेत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. लाकडाचा भुसा उडून उघड्या सेटमध्ये बसायचा, तेवढी कटकट सोडली तर धंदा बरा होता. नत्थूजी हाताचा चोख पण तोंडाचा फाटका, असं लोक म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

बहात्तरच्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, भागीरथाबाई ढोके दुकानात आल्या. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या. विधवा, बिड्या वळून पोट भरणाऱ्या. त्यांचा एकुलता मुलगा चंद्रभान फौजेत होता. लढाई संपून तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या हातात सरकारी पत्र होतं, त्यात मुलगा बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला असं नाही, सापडला असंही नाही.

"सरहद्दीपलीकडचं स्टेशन रोज संध्याकाळी सव्वासहाले धरलेल्या पोरायचे नावं वाचते," त्या म्हणाल्या. "नंबर, बापाचं नाव, गाव, सारं. मह्या घरी निस्ती खरखर येते, नत्थूजी. परवा बापाचं नाव रामाजी आल्यासारखं वाटलं, अन् बुडालं. मले फक्त साफ ऐकू आलं पाह्यजे. त्याचं नाव आलं तर तो हाये, इतकं समजून जाईन मी."

"नाव आलं नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी अजून ऐकीन."

असल्या गिऱ्हाइकाशी वाद घालता येत नाही. मी पिशवी उचलली.

घर दोन खोल्यांचं, वर कवेलूचं छप्पर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फौजी कपड्यातला चंद्रभान, कान थोडे बाहेर आलेले. रेडिओ पाच व्हॉल्व्हचा, जुना पण ठणठणीत. रोग मला दारातूनच दिसला होता. एरियल कामाचं नव्हतं आणि अर्थ, म्हणजे जमिनीत गाडायची तार, तर नव्हताच. मी दोन बांबूंवर वीस हात तांब्याची तार ताणली. मग मागच्या अंगणात न्हाणीजवळ तीन हात खड्डा केला, तळाशी तांब्याचा पत्रा ठेवून त्याला तार जोडली, आणि वर थर द्यायला लागलो. एक थर कोळसा, एक थर जाडं मीठ, पुन्हा कोळसा.

"मीठ काहून टाकता?" बाईंनी विचारलं.

"ओल धरते. नागपूरची माती वाळली का अर्थ मेला समजा."

"आमच्याकडं माणूस पुरत, तेव्हा टाकत."

मी माती लोटली. रोज संध्याकाळी एक गुंड, म्हणजे मोठी घागरभर, पाणी खड्ड्यात ओतायचं, चुकवायचं नाही, एवढं बजावलं.

सव्वासहाला आम्ही दोघं रेडिओसमोर बसलो. आवाज काठोकाठ भरून आला. पुरुषाचा आवाज, उतरत्या वयाचा, हिंदीत बोलणारा, न घाई न दम. नंबर. हुद्दा. नाव. बापाचं नाव. गाव, जिल्हा. मग पुढचा. बाई पेन्सिलीने मोठ्या अक्षरात वहीत उतरवत होत्या. धर्मांतरानंतर बायकांच्या वर्गात जाऊन त्या तिशीत लिहायला शिकल्या होत्या. चंद्रभानचं नाव आलं नाही. तरी निघताना त्यांनी माझा हात धरून डोळ्यांना लावला, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

कार्डाचे पैसे जमतील तसं ऐकलेल्या नावांच्या गावी त्या कार्ड टाकत. "तुमचा मुलगा सुखरूप आहे, मी रेडिओवर नाव ऐकलं." असं तेव्हा बरेच लोक करत. दुसऱ्याच्या आईला कळलं तर कोणीतरी आपल्यालाही कळवील, असा साधा हिशेब.

संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी मी त्या बाजूला गेलो होतो. मांज्याने एरियल कापलं होतं, तार कवेलूवर लोळत होती. आता बाई रडत असतील म्हणून आत गेलो, तर रेडिओ खणखणीत चाललेला. उलट आता शेजारच्या पावरलूमची घरघरही त्यात नव्हती.

"केव्हापासून तुटलं हे?"

"संक्रांतीपासून. पण आवाज चांगला झाला ना गा, म्हणून नाही सांगितलं."

मी मागून एरियलची पिन काढली. काही फरक नाही. मग अर्थची पिन काढली. आवाज तर गेलाच, पण मागे जी सूं-सूं उरायला हवी तीही उरली नाही. व्हॉल्व्ह लाल होते, रेडिओ चालू होता आणि आतून काहीही येत नव्हतं. पिन पुन्हा लावली. म्हातारा वाचतच होता.

"अर्थची तार कधी कधी एरियलचं काम करते," मी म्हणालो. हे खरं आहे, पुस्तकात आहे. एवढं साफ करते, असं कुठल्या पुस्तकात नाही, ते मी बोललो नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी मी नवीन एरियल बांधायला गेलो असताना दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, डोक्याला शेला, पायात धुळीच्या वहाणा. कळमेश्वरकडच्या खेड्यातला शेतकरी, धोंडबा. बसने आला होता. हातात बाईंचं कार्ड होतं.

"हे तुमी धाडलं का वं माय?"

"हो बाबा. मीच ऐकलं."

"मह्या पोराचंच नाव होतं? बापाचं धोंडबाच सांगितलं? गाव बी?"

बाईंनी वही काढून तारीख दाखवली. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. तो अक्षरांवरून बोट फिरवत राहिला.

"त्याच्यासंगचा पोट्टा आला होता," तो म्हणाला. "त्यानंच लाकडं देल्ली त्याले, तिकडंच. राख घेऊन आला होता डब्यात. मी ह्या हातानं वैनगंगेत सोडली." मग त्याने विचारलं, "दुसऱ्या कोणाची असंल का वं राख? तसं होते का कधी?"

भागीरथाबाईंनी त्याला पाणी दिलं. मी टाचणीएवढ्या कामात दहा मिनिटं डोकं घालून बसलो. तो चहा न घेता गेला, कार्ड मात्र छातीशी धरून नेलं.

त्यानंतर उत्तरं येत गेली. पंजाबातून, बिहारमधून, कुमाऊंतून. कोणी शिव्या दिल्या होत्या, कोणी हात जोडले होते. मजकूर एकच होता. आमचा गेला. आम्ही पाहिला. आम्हाला कळून महिना झाला. भागीरथाबाईंनी एकवीस कार्डं टाकली होती, त्यांतल्या अठरांची उत्तरं आली, आणि अठराही घरांत माणूस मेलेला होता.

मी माझ्या दुकानातल्या चांगल्या सेटवर, उंच एरियलवर, ते स्टेशन लावून पाहिलं. सव्वासहाला तिथं गाणी लागत होती. चौकशी केली तर कळलं, नावं वाचणं पंधरा दिवसांपूर्वीच बंद झालं होतं.

मला घाम फुटला. आणि मला घाम फुटला की मी चिडतो.

"बाई, मी तो खड्डा उकरतो आज," मी जाऊन म्हणालो. "तार काढतो. नवीन एरियलवर गाणी ऐका, भजनं ऐका."

"नाही."

"आता हे नावं ऐकून काय करान?"

"नाव येत नाही तवरीक तो जिता हाये," त्या म्हणाल्या. त्यांचे हात सुपातल्या तेंदूपानांवर चालूच होते. "आधी मी म्हणत होती, नाव येऊ दे. आता म्हणतो, नको येऊ. पण बंद केलं तर मले कसं समजन, नत्थूजी? तुमी सांगता का मले?"

मी त्यांच्यावर ओरडलो, आणि ओरडून घरी आलो. पण दुसऱ्या दिवसापासून दुकान लवकर बंद करून मी सव्वासहाला तिथं जाऊन बसू लागलो. एकट्या बाईने ते ऐकत बसावं, हे मला सहन होईना. खड्डा मी केला होता.

मार्च गेला. एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की अंगणाला बोट जाईल अशा भेगा पडल्या. फक्त खड्ड्याभोवतीची माती काळी, मऊ आणि गार होती. बाई आता दोन गुंड पाणी ओतत. रोजची यादी लांबत चालली होती.

एके संध्याकाळी यादी सुरू झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की पाणी राहून गेलं. गुंड घेऊन त्या मागे गेल्या.

म्हातारा वाचत होता. नंबर. हुद्दा.

चंद्रभान.

वल्द रामाजी ढोके. इंदोरा. जिल्हा नागपूर.

माझा हात बटणाकडे गेला, पण तोवर तो पुढच्या नावाला लागला होता. त्याने मध्ये श्वासही घेतला नव्हता.

मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग बाई आत आल्या, रिकामा गुंड कडेवर.

"आलं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुंड कोपऱ्यात ठेवला, खाली बसल्या आणि वही ओढून उरलेली नावं लिहू लागल्या.

त्यानंतर मी तिथं गेलो नाही. लाज वाटत होती आणि भीतीही.

जूनमध्ये त्यांना पत्र आलं. सरकारी, सही-शिक्क्याचं. चंद्रभान रामाजी ढोके जिवंत असून युद्धकैदी आहे. बाईंनी दुकानात माणसाहाती पेढे पाठवले. ते हातात धरून मी खुर्चीवर बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. मेलेल्यांची यादी म्हणे! कसली यादी न् कसलं काय. माझं डोकं फिरलं होतं, उन्हाने फिरलं होतं. डिसेंबरात कैदी सुटले. इंदोऱ्यात ढोलताशे लावून त्याची मिरवणूक काढल्याचं मी ऐकलं.

जानेवारीत एकदा धीर करून गेलो.

चंद्रभान आत जमिनीवर बसून जेवत होता. उतरला होता, पण तोच. कान तेच. "जयभीम, काका," तो म्हणाला, आणि आईकडे आणखी एक भाकर मागितली. बाई पुढे वाकून वाढत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला तिकडे बघवेना.

रेडिओवर कापड टाकलं होतं. मागची तार काढून गुंडाळून ठेवलेली दिसली.

"घेऊन जा तो," बाई म्हणाल्या. "आता नाही लागत."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मुलाच्या पुढची ताटली उचलली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "चला, बाहेर ओट्यावर बसू."

बाहेर आल्यावर त्यांनी दाराला कडी घातली.

सव्वासहा झाले.

आतून आवाज सुरू झाला. उतरत्या वयाचा, न घाई न दम. नंबर. हुद्दा. नाव. बापाचं नाव. गाव.

आत त्या पोराशिवाय कोणी नव्हतं.

बाईंनी मांडीवर कोरी कार्डं घेतली आणि पेन्सिल काढली.

"त्या दिवशी तुमी खोटं बोलले," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "चांगल्यासाठीच बोलले. पण मी खड्ड्यावर ओणवी होती. तिथून रेडिओपेक्षा साफ ऐकू येत होतं."

"मग... हा कोण हाये, बाई?"

"मी नाही इचारलं."

आत एक नाव संपलं, दुसरं सुरू झालं.

"आई म्हणते मले. भाकर मागते. झोपीत हात धरते. तुमी इचारान, तुमी हुशार आहा. मी कधीच इचारणार नाही."

"अन् हे कार्डं? ते सगळे तर गेले. आता कोणाले लिहून राह्यल्या?"

"त्यायच्या मायले," त्या म्हणाल्या. "नाव आलेला पोरगा बी असा परत येते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. त्याले दारात पाहून मी घाबरली होती, दोन पावलं मागं सरली. त्याच्या ते मनाले लागलं. तसं दुसऱ्या कोणत्या मायकडून होऊ नये."

लिहून झालेलं कार्ड त्यांनी माझ्यापुढे धरलं. शाळेतल्या मुलासारखी मोठी, सरळ अक्षरं होती. *माताजी, आपका बेटा आ रहा है. दरवाज़ा खुला रखना. कुछ पूछना मत.*

आवाज थांबला तेव्हा अंधार पडायला लागला होता. बाईंनी कडी काढली, आत डोकावल्या आणि हलक्या आवाजात "भूक लागली का बाबा?" म्हणाल्या. मग वळून कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

"जाता जाता डब्यात टाकून द्या."

सदतीस कार्डं होती. चौकातल्या टपालपेटीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो, आणि मग ती सगळी टाकली.