बाईसाहेबांची गाठ

त्यागाशिवाय कुठलंही घर उभं राहत नाही, हे त्रिवार सत्य आहे. या घरात अडचण एवढीच होती, की त्याग करायला सासू, सासरे, मुलगा आणि सून असे चौघंही सदैव सज्ज असत आणि दोरीवरचे कपडे काढायला कोणीच नसे.

त्या सकाळी सासूबाई हॉलच्या दारात उभ्या राहिल्या.

"गाठ आणखी फुगलीये. खरं सांग, गोळी देतेस ना तिला?"

सुनेने हातातला कप बशीत ठेवला. "आई… असं कसं विचारवतं हो तुम्हाला?"

"तुला कुत्रं नकोच होतं पहिल्यापासून!"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते काळजात खोल रुतलं…

बाईसाहेब म्हणजे घरातली वयस्कर बॉक्सर कुत्री. तिच्या मागच्या पायाला गाठ आली. सुई घालून तपासल्यावर डॉक्टर म्हणाल्या, मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कॅन्सरच. जागा अशी अवघड, की आत्ताच कापली तर शिवायला कातडी उरणार नाही. आधी स्टेरॉइडने आक्रसू द्यायची, मग काढायची. नाही आक्रसली, तर पाय गेला. त्या दिवसापासून घरात 'पाय' हा शब्द कोणी उच्चारला नाही. टेलर असलेले सासरे तर पायजम्यालाही विजार म्हणू लागले.

गोळ्यांचं व्रत सुनेने स्वतःहून मागून घेतलं होतं. गोळ्यांनी कुत्रीला राक्षसी भूक लागे, पाण्याचं भांडं भरता भरत नसे, आणि प्यालेलं सगळं यथावकाश फरशीवर येई. सून पुसत राही. 'एक दिवस यांना माझं मन कळेल… पण तेव्हा फार उशीर झालेला असेल!' असं मनाशी म्हणत ती फडका पिळी, आणि त्या विचाराने तिला बरंही वाटे.

गाठ मात्र दिवसेंदिवस लाल, गरम, तट्ट होत चालली. कुत्री धापा टाकत कोपऱ्यात पडून राही, आणि घरातले आवाज आपोआप खाली आले. मरण घरात येऊन बसलं होतं, फक्त कोणासाठी आलंय ते सांगत नव्हतं.

"उद्यापासून गोळी मी देणार," सासूबाईंनी जाहीर केलं. सून निमूट बाजूला झाली.

गाठ त्यानंतरही वाढली. सुनेच्या मनात क्षणभर आनंदाची लहर उठली… आणि स्वतःच्याच मनाची तिला भीती वाटली.

पाय ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला शनिवारी चौघंही कुत्रीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गाठ नुसती पाहिली. मग चष्म्यावरून चौघांकडे पाहिलं.

"हिला हात कोण लावतं?"

सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला.

"ही गाठ दाबली, चोळली की आतून काहीबाही सुटतं आणि ती फुगते. हात लावू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. पहिल्या दिवशी तो एकटाच आला होता.

"मला वाटलं, ते बाहेरच्यांसाठी आहे," मुलगा म्हणाला. "मी आपला लाड करता करता… जाता-येता…"

सासऱ्यांनी खिशातली टेप काढून टेबलावर ठेवली. "मी दाबत नाही. माप घेतो. आता टेप बसायला जरा चिमटीत धरावी लागते, त्याला इलाज नाही."

"आणि तुम्ही, आजी?"

"अंगठ्याने बघते हो, मऊ पडली का. मायेनंच!" सासूबाईंना हुंदका फुटला. त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले. "पोरी, तुझ्या हातात विष असल्यासारखा संशय घेतला गं मी! देवतेसारखी तू, एका शब्दाने उलट बोलली नाहीस… मला क्षमा कर!"

ज्या क्षणाची सुनेने फडके पिळता पिळता वाट पाहिली होती, तो हाच. आता फक्त गप्प राहायचं होतं, की आयुष्यभर या घरात तिचा शब्द खाली पडणार नव्हता. तिने डोळे मिटले. बाईसाहेब टेबलावर धापा टाकत होती.

"आई… मीही दाबायची."

"काय?"

"गोळी दिल्यावर. लागू पडली का बघायला. तुम्ही काम काढून घेतलंत, तरी दाबायची. तुम्ही नीट देताय ना, ते कळावं म्हणून."

सासूबाईंनी हात सोडले नाहीत. क्षणभर त्यांचा चेहरा मारू की रडू असा झाला, आणि मग त्यांनी सुनेला छातीशी ओढलं. "माझीच सून शोभतेस गं!" त्या म्हणाल्या, आणि दोघी मोकळेपणी रडल्या. सासरे भिंतीवरचा कुत्र्याच्या सांगाड्याचा तक्ता वाचू लागले. मुलाने कुत्रीच्या पाठीवरून फिरवायला उचललेला हात डॉक्टरांनी मनगटात पकडला.

पुढच्या आठवड्यात गाठ निम्म्याने उतरली आणि पाय ठेवून काढता आली. औषधाने किती उतरली आणि हात न लावल्याने किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.