तारांवरचा हात

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालं.

हसायचं त्यांनी खुशाल हसा. मीही आधी हसतच होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी संपत आली होती. मामाचं साउंडचं गोदाम, वर पत्रे, भिंतीला लावून ठेवलेले स्पीकर... आणि भर दुपार. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाबा गेल्यावर मामानेच मला वाढवलं. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. खोटं बोल पण रेटून बोल, असा माणूस. कार्यक्रमाला तास-तास उशीर झाला तरी “आत्ता सुरूच होतोय” म्हणायचा, आणि लोकांना पटायचंही. मला त्याचं फार हसू यायचं.

माझ्याकडे बाबांची इलेक्ट्रिक गिटार होती. एक दिवस तिचा आवाज गेला. तारा हलायच्या, पण आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प गप्प.

मामाने मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

“पिकअप मेला, चिमणे.”

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तार. तारांची थरथर तो पकडतो आणि अ‍ॅम्पकडे पाठवतो. तो गेला की गिटार म्हणजे नुसतं लाकूड.

ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. नवे पिकअप त्या खाचेत बसेनात. मी दुकानं पालथी घातली, चपला झिजवल्या. जो तो म्हणायचा, “खाच कोरून मोठी करा.” बाबांच्या गिटारला पटाशी लावायची? मला ते जमणार नव्हतं.

शेवटी एका रिपेअरवाल्याने एका बाईंचा पत्ता दिला.

“त्यांच्या मुलाची अगदी अशीच गिटार आहे. मुलगा गेला. पण त्या विकत नाहीत, दारातूनच हाकलतात.”

गरजवंताला अक्कल नसते. मी गेले.

दार जेमतेम उघडलं. “नाही विकायची,” एवढंच ऐकू आलं आणि ते परत लागायला लागलं.

मी घाईघाईने म्हणाले, “काकू, अख्खी गिटार नको, फक्त पिकअप हवाय. माझा मामा स्वतः येऊन नीट काढून घेईल. साउंडवाला आहे तो. भोंगा म्हणतात त्याला.”

दार थांबलं.

“भोंग्याची भाची तू?”

“हो.”

“अजून करतो तो साउंड?”

“हो, करतो की.”

त्या आत गेल्या. आतून फरशीवर एक स्क्रू पडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पिकअप त्यांच्या हातात होता.

“घेऊन जा. पैसे नकोत. फक्त भोंग्यालाच बसवायला सांग.”

मी इतकी खूश झाले की ‘का’ हे विचारलंसुद्धा नाही.

मामाने गोदामात लगेच गिटार खोलली, पिकअप बसवून सोल्डर मारला, अ‍ॅम्प चालू केला. स्पीकरमधून भुणभुण यायला लागली.

“जुना माल आहे, भुणभुणणारच,” मामा म्हणाला. “हात ठेव तारांवर.”

ठेवला. भुणभुण थांबली. काढला. परत सुरू.

“बघ, माणसाचा हात लागला की गप्प. तान्ह्या पोरासारखं.”

गिटार स्टँडवर ठेवून आम्ही गोदामाच्या दुसऱ्या टोकाला चहा प्यायला बसलो. भुणभुण चालू होती.

मामा उठून गिटारकडे निघाला...

भुणभुण थांबली.

गिटारजवळ कुणीच नव्हतं.

मामा मागे सरकला. परत सुरू. पुढे झाला... बंद.

“वायर लूज असेल,” तो म्हणाला. पण तिथेच उभा राहिला. “चिमणे, हा पिकअप दिला कुणी?”

मी सांगितलं. त्या काकू, त्यांचा गेलेला मुलगा, सगळं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझ्याच कार्यक्रमात गेला तो पोरगा. शॉक लागून. गिटारची वायरिंग त्याने स्वतःच केली होती. चुकीची. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“खोटं.”

काकू दारात उभ्या होत्या. माझ्या मागोमागच निघाल्या असाव्यात.

“तो उभा होता तसा उभा राहा,” त्या मामाला म्हणाल्या. “गिटार गळ्यात. हात तारांवर. ओठ माइकला. आणि मग सांग की चूक माझ्या मुलाची होती. पुन्हा तुझ्या दारात येणार नाही मी.”

“ताई, झालं गेलं...”

“सांग.”

मामाने आधी अ‍ॅम्पचा प्लग काढून पाहिला. तिन्ही पिना जागेवर होत्या. त्यातली जाड पिन अर्थिंगची. भरकटलेला करंट ती जमिनीत सोडते, माणसाच्या अंगातून जाऊ देत नाही. मामाने प्लग परत लावला. आता तो चक्क हसला. गिटार गळ्यात घातली, माइकसमोर गेला, तारांवर हात ठेवला.

भुणभुण थांबायला हवी होती.

ती वाढली...

“पोराने वायरिंग... स्वतःच...”

मामाचे ओठ माइकला टेकले. आणि तसेच चिकटून राहिले.

मी धावत जाऊन अ‍ॅम्पचं बटण बंद केलं. दिवा विझला. मी प्लगही उपटला.

भुणभुण चालूच.

मामाचे ओठ हलत नव्हते. पण स्पीकरमधून आवाज आला... मामाचाच.

“भुणभुण जात नव्हती. लोक ओरडत होते. भागीदार म्हणाला, अर्थिंगची पिन काप, लगेच जाईल. मी कापली. पोरगा पडल्यावर प्लग बदलला. भागीदाराने माझ्या बाजूने साक्ष दिली. पोराची काहीच चूक नव्हती.”

मग सगळं शांत झालं. मामा कोसळला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या अ‍ॅम्पसमोर गुडघ्यांवर बसल्या, जाळीला कान लावला.

“बाळा? आहेस ना रे?”

त्या विचारतच राहिल्या. मी मामाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्या बाईचा मला भयंकर राग आला. मामाचा त्याहून जास्त आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. वायरमनने अर्थिंग तपासलं, तेही चोख निघालं. पिकअप काकूंनी परत मागितला. मी काढून दिला.

मामाचा तो भागीदार आता वाद्यांचं मोठं दुकान चालवतो. मामा गेला तेव्हा भेटायला आला होता. “भोंग्यासारखा सच्चा माणूस होणे नाही,” म्हणाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

परवा त्याचा फोन आला. एका गिऱ्हाइकाची अगदी बाबांच्यासारखीच जुनी गिटार बंद पडली होती.

“पोरी, तुला तसला पिकअप कुठेतरी मिळाला होता ना?”

मी पत्ता सांगितला. वाटलं, आता गप्प होईल, चपापेल. छे! त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. ज्याच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली त्या पोराचं घरसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तेच मला फार लागलं.

“त्या विकत नाहीत,” मी म्हणाले. “पण तुम्ही कोण ते नीट सांगा, मग देतील.”

“उपकार झाले बघ!”

आज दुपारी मी त्याच्या दुकानावरून गेले. काउंटरवर गिटार उघडी पडली होती. तो स्वतःच सोल्डर मारत बसला होता. मला पाहून त्याने हसून हात हलवला.

मीही हलवला.

भीती वाटतेय. त्याला सांगायला अजूनही वेळ आहे.

आणि मी इथे बसून हे लिहितेय.