निकानोरचं पान

ऑक्टोबर संपत आला की आमच्या हुआयरापाता गावात भट्ट्या पेटतात. गेलेली माणसं एक नोव्हेंबरला भर दुपारी बाराला घरी येतात आणि दोन तारखेला बाराच्या ठोक्याला परत जातात. त्यांच्यासाठी पाव भाजायचा असतो. एका माणसामागे एक, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा, तोंडाच्या जागी बाजारातून आणलेला बोटभर मुखवटा चिकटवलेला. मी दवाखान्यात परिचारिका आहे. माणूस मेला म्हणजे काय होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पीठ मळायला मी दर वर्षी माहेरी जाते. आईच्या घरी शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवलेलं बरं.

आई दोमिंगा आणि बा कासियानो यांनी चार तुकडे बटाट्याची जमीन आणि सोळा मेंढ्या यांवर सात मुलांचा संसार ओढला. दोन तान्हेपणीच गेली. दोघी बहिणी लग्न होऊन शहरात, एक भाऊ सखल मुलखात उसावर. सहावी मी, बेनिता. आणि शेंडेफळ निकानोर. तो एकोणिसाव्या वर्षी ब्वेनोस आयर्सला शिवणकामाला गेला. दोन वर्षं फोन यायचे. मग तीन वर्षं काहीच नाही.

आई दर वर्षी गेलेल्या तान्ह्यांचे दोनच पाव भाजायची. तिसऱ्याचं नाव काढलं की पिठाचे हात घेऊन अंगावर यायची. जित्याचा पाव भाजायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण पोरगा खरंच गेला असेल, तर तीन वर्षं तो उपाशी दारावरून परत जात असेल, हे बाला सोसत नव्हतं. त्या वर्षी आई मेंढ्यांकडे गेली तेव्हा त्याने खिशातून एक मुखवटा काढून माझ्या हातावर ठेवला. मीही तिसरा पाव वळला. ही चूक माझी, बाच्या माथी मी ती मारत नाही.

दुसऱ्या दिवशी काळ्या कापडावर पान मांडलं. पाव, केळी, उसाचे दांडे, आणि परतीच्या वाटेवर तहान लागू नये म्हणून पातीसकट कांदे. त्या पोकळ पातीत ती माणसं पाणी भरून नेतात. आईने पाव मोजले आणि माझी वेणी धरली.

"चार बुकं शिकलीस म्हणून जित्या पोराचं पान वाढतेस? हात झडतील तुझे!"

तेवढ्यात देवळात बाराचे ठोके पडले आणि फाटक वाजलं. कुत्रं भुंकलं नाही. आपलंच माणूस म्हणून असेल. अंगणात निकानोर उभा होता, गेला तेव्हाचीच टोपी डोक्यावर.

"पाणी दे गं आई," तो म्हणाला. "लई तहान लागलीय."

अख्खा घडा त्याने उभ्या उभ्या संपवला. आई रडत होती, हसत होती, मला टोमणे मारत होती, "बघ, तुझा मेलेला भाऊ बघ!" मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन चापट्या मारल्या. मग सवयीने मनगट धरलं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. जित्या, धडधाकट माणसाची नाडी.

पानावरून त्याचा पाव उचलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दोन तारखेला शेजारी प्रार्थना म्हणायला आले. प्रार्थना म्हणणाऱ्यांना पानावरचे पाव वाटून टाकायचे आणि कापड उचलायचं, म्हणजे पाहुणे निघतात. बाराचा पहिला ठोका पडला, बाने कापडाचं टोक धरलं. कोपऱ्यात बटाटे सोलत बसलेला निकानोर उठला. टोपी घातली. कुणाचा निरोप न घेता फाटकाकडे चालू लागला.

आईने ते पाहिलं. "सोडा ते!" ती ओरडली.

बाने टोक सोडलं. निकानोर थांबला, परत येऊन बसला आणि अर्धा राहिलेला बटाटा हातात घेतला.

त्यानंतर सात वर्षं ते कापड कुणी उचललं नाही.

जानेवारीत पलीकडच्या गावचा एक माणूस ब्वेनोस आयर्सहून निकानोरची पिशवी घेऊन आला. आत दोन शर्ट आणि कात्री. "सप्टेंबरात तापाने गेला हो. मीच माती दिली." दारातून निकानोर दिसत होता, बांधाचे दगड रचत होता. पाहुण्याची तिकडे पाठ होती. आईने त्याला सूप वाढलं. "जेवून जा बाबा, दमला असशील," म्हणाली आणि पिशवी चुलीत घातली.

निकानोर नांगर धरायचा, मेंढ्या कातरायचा, थट्टा करायचा. "ताई, तुझी सुई बघून मेंढ्यासुद्धा पळतात." त्याचे केस मात्र वाढत नसत. तान्ह्यांचे दोन पाव महिन्याभरात दगड झाले. त्याचा मऊ राहिला. मी दर वर्षी बोट लावून बघायची आणि कुणाला सांगायची नाही.

या ऑगस्टमध्ये आई गेली. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "पान उचलू नकोस हं, बेने." मी हो म्हणाले.

आता तिचाही पाव भाजून त्याच कापडावर ठेवला. एक तारखेला बाराला ती आली असणार, कारण निकानोर दिवसभर चुलीपाशी सरकून बसला होता, शेजारी जागा ठेवून. आणि दोन तारखेची दुपार समोर होती. कापड उचललं नाही तर आईही इथेच अडकणार. उचललं तर तो जाणार.

"चाळीस वर्षं राबली," बा म्हणाला. "तिला तरी सुटू दे."

"आणि पोराचं काय, बा?"

बा कापडाजवळून उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

माझा हात उठेना. मी आईला शब्द दिला होता.

निकानोरच उठला. टोपी घातली. पानावरून दोन कांदे घेतले, पाती तपासल्या, कमरेला खोचले. दोन.

"ताई, एवढी लांबची वाट. आईला एकटीला कशी पाठवू?"

मग आपणहून मनगट पुढे केलं. "मोज. नाहीतर पुढे तुझं मन तुला खात राहील."

मी मोजलं. बहात्तर.

म्हणजे मी जित्या माणसाला वाटेला लावत होते का? मला आजही कळलेलं नाही.

पहिला ठोका पडला. मी कापड उचललं.

फाटक वाजलं. कुत्रं शेपूट हलवत कोपऱ्यापर्यंत गेलं आणि एकटंच परत आलं. बा खाली बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले.

शेजारचा म्हातारा तिबुर्सिओ प्रार्थना संपवून झोळी पसरून उभा होता. आईचा पाव दिला, तो रीतीप्रमाणे वाळून कडक झाला होता. तान्ह्यांचे दिले.

"तो चौथा?" तो म्हणाला.

मी तो उचलला. मऊ होता, कोमट होता. सवयीने माझी दोन बोटं त्यावर टेकली. मग मी घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण मिनिट तशीच उभी राहिले.

बहात्तर.

तिबुर्सिओला मी चार केळी जास्त दिली. पाव शालीत गुंडाळून घेतला.