सेंट बोटॉल्फचं जाळीचं दार

"माझा डेल चोर आहे, खुनी नाही," डेलची आई मॉरीन स्कीट म्हणाली आणि चर्चबाहेरच्या थडग्यांमध्ये उभी राहून रडू लागली.

चाळीस वर्षांपूर्वी प्रार्थना बंद पडलेलं सेंट बोटॉल्फ चर्च आता केवळ वारसा म्हणून जपलेलं. मंगळवारी दुपारी तिथे एनिड गॅरडचा खून झाला. चर्चची किल्ली तिच्याकडे असे. त्या वेळी डेल छपरावर चढून तिथले शिशाचे पत्रे चोरत होता. खालून किंकाळी आली म्हणून पळालो, असं तो सांगत होता. पोलिसांच्या मते तो आत शिरला, म्हातारीला मारलं आणि पळाला. जन्मठेप ठरल्यासारखीच होती.

विनिफ्रेड टोलर खासगी तपास करायची. सोबत बर्नर्ड, निवृत्त पोस्टमन. मनाचा मोठा, डोक्यानं जरा सावकाश. आत जाताना त्यानं देवडीतलं जाळीचं दार उघडंच टाकलं.

"अहो, दार लावा," ह्यूबर्ट पाम मागून खेकसला. तो तिथला जुना राखणदार. "इथे देवडीत पाकोळ्यांची घरटी आहेत. दार तासभर उघडं राहिलं तर त्या आत येतात. काचांवर आपटून मरतात बिचाऱ्या."

बर्नर्ड बाहेर येऊन कडीशी झटला. तीनदा. कडी हलेना.

"पोस्टमन ना तुम्ही? दारं तरी लावता यायला हवीत," ह्यूबर्ट म्हणाला. "ही बाहेरूनच लागते. गावात एनिडला आणि मलाच जमायची. जा आत, मी लावतो."

कडी खटकन बसली. आपण कोंडले गेलो, हे बर्नर्डला मुळीच आवडलं नाही. आत ओलसर गारठा होता आणि फरशीवरचा डाग अजून काळा दिसत होता. पाखरू मात्र एकही नव्हतं.

बाकांच्या टोकांना लाकडी देवदूत होते. विनिफ्रेडनं एकेकावरून बोट फिरवलं.

"सात किडीनं पोखरलेत. आठव्याला भोक नाही."

"बरा टिकलाय की," बर्नर्ड म्हणाला.

ती जाळीपाशी गेली. "पामसाहेब, प्रेत तुम्हालाच दिसलं ना?"

"बुधवारी सकाळी. कडी काढली, आत गेलो, तर ही पडलेली."

"म्हणजे दार लावलेलं होतं?"

"पोलिसांनाही तेच सांगितलंय."

"मग एनिड आत गेल्यावर कडी लावली कोणी? मेलेल्या बाईला आतून लावता येत नाही. जीव घेऊन पळणारा परका चोर कडीशी झटत बसत नाही, आणि बसला तरी ती त्याला लागत नाही, बर्नर्डला विचारा. जमणारे दोघंच. त्यातली एक मेली."

बर्नर्डच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. आपण आत आहोत आणि कडी त्या माणसाच्या हातात आहे, हेही त्याच वेळी कळलं.

"खरा देवदूत विकून तुम्ही नवा बसवलात," विनिफ्रेड म्हणाली. "एनिडच्या ते लक्षात आलं."

ह्यूबर्टनं जाळीत बोटं अडकवली.

"वरच्या साहेबांना कळवणार होती ती. पन्नास वर्षांची माझी अब्रू गेली असती. मेणबत्तीदान हाताला लागलं, मारलं. बाहेर आलो तर हात आपसूक कडीकडे गेला. पिलं होती हो घरट्यात."

त्यानं कडी काढली आणि देवडीतल्या बाकावर मटकन बसला. बर्नर्डला त्याची दया आली आणि त्या दयेची लाजही वाटली.

बाहेर उभ्या मॉरीननं सगळं ऐकलं होतं. "माझा सुटेल?"

"खुनातून सुटेल. शिशाची शिक्षा भोगावी लागेल."

"भोगू दे मेल्याला," डोळे पुसत ती म्हणाली. "सुटून घरी तर येईल. दोन दिवस त्याच्या खोलीत जायचं धाडस झालं नाही मला. आता जाऊन झाडून घेते."