वर्दे मावशीची मागची खोली

सीरियातल्या आमच्या मालूला गावात आम्ही घरात अरामी, येशूच्या काळापासूनची बोली, बोलतो आणि कचेरीत अरबी. बायबल बहुतेक हिब्रू आणि ग्रीकमध्ये लिहिलं गेलं, पण त्यातल्या दानिएलच्या पुस्तकाची काही पानं अरामीत आहेत. ती मी शाळेत शिकवतो. एखादा शब्द अडला की वर्दे मावशीला विचारायचो. बाई एकटी, विधवा. घर कड्याला टेकलेलं आणि मागची खोली म्हणजे गुहाच. तिथे ती द्राक्षाच्या काकवीचे रांजण ठेवायची.

"मास्तर, शब्द मी पुरवायचे आणि पगार तू घ्यायचा!" असं म्हणत ती रोटी पुढे करायची.

नोव्हेंबरात एकदा ती हळूच म्हणाली, "मागच्या खोलीत कुणीतरी बोलतं. बोली आपलीच, पण तुझ्या पुस्तकातल्यासारखी जुनी. एकेका वस्तूचं नाव विचारतं."

"आणि तू सांगतेस?"

"आपल्या भाषेत आता विचारतंय कोण? नातवंडं तर फोनवर अरबीत बोलतात."

मी आत जाऊन पाहिलं. तिन्ही बाजूंना अखंड खडक, ओलसर गोड वास. बाकी काही नाही.

आठवड्यानं रोटी देताना ती 'खुब्ज' म्हणाली. अरबी शब्द.

"आपलं लेहमा म्हण की," मी हसलो.

ती हसली नाही. "ते काय असतं?"

मग मिठाचा शब्द गेला. चुलीचा गेला. दाराचा गेला. ती वस्तूकडे बोट दाखवायची, तोंड उघडायची आणि अरबीत बोलायची.

"मावशी, माझ्या घरी चल. त्याला उत्तर देऊ नकोस."

"नाही दिलं की ते गप्प होतं," ती म्हणाली. "ते गप्प झालं की मला आणखी भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर बसली होती. मी हाक मारली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मास्तर, ही कुठली भाषा बोलतोस?" तिनं अरबीत विचारलं. मग माझा हात घट्ट धरला. "मला प्रार्थना आठवत नाही रे. लहानपणापासूनची. तू म्हण."

मी तिच्याजवळ बसलो. डोळे मिटले. आमच्या भाषेत सुरुवात केली, 'हे आमच्या बापा...'

दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आला. स्वच्छ, जुना. मला हायसं वाटलं.

मी डोळे उघडले.

तिचे ओठ मिटलेले होते. ती मागच्या खोलीकडे बघत होती.

प्रार्थना तिथून येत होती. माझ्यापेक्षा एक शब्द पुढे.